२१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७: मोठी संख्या नेमकी किती मोठी?

(ऐकताना लांबलचक आकडे कानावरून निघून जातात, म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ओके' थोडे कमी केलेत.)

आजच्या भागात एकच पाहुणी आहे, आणि ती एक संख्या आहे. २१४७४८३६४७. आपल्या पद्धतीने वाचायची तर २१४ कोटी, ७४ लाख, ८३ हजार, ६४७.

ही संख्या तुम्ही कधी पाहिली नसेल, पण तिच्याशी तुमचा रोज संबंध येतो. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ती फोन नंबरासारखी पाठ असते. आणि गणितवाल्यांना ती आमच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटर नावाची वस्तू नसताना, माहीत होती. एकाच संख्येची ही दोन आयुष्यं आहेत. आज दोन्हीबद्दल बोलू. आणि शेवटी एका तारखेबद्दल, जी कॅलेंडरमध्ये आत्ताच मांडून ठेवायला हवी.

बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे

पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, दर घराला दुप्पट. आता पहिल्या ३१ घरांतले सगळे दाणे एकत्र करा. किती होतात? बरोबर, २१४७४८३६४७.

आणि ३२व्या घरात किती असतील? २१४७४८३६४८. म्हणजे आधीच्या सगळ्या घरांची बेरीज, अधिक एक. दुपटीचा हा नियमच आहे: प्रत्येक नवं घर आधीच्या सगळ्यांना मिळून एका दाण्याने मागे टाकतं. १, २, ४ यांची बेरीज ७, पुढचं घर ८. करून बघा.

कॉम्प्युटर आकडे असेच ठेवतो. ३२ बिट म्हणजे ३२ घरं, प्रत्येक घर चालू किंवा बंद. पण त्याला ऋण आकडेही लिहायचे असतात. मग तो काय करतो, शेवटचं ३२वं घर उणे धरतो. पहिल्या ३१ घरांतलं सगळं जमा, ३२व्या घरातलं उधारी.

म्हणून पहिली ३१ घरं चालू केली की आपण सगळ्यात मोठ्या संख्येवर पोचतो. आता त्यात एक मिळवा. जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ वरून कसा ००००० वर यायचा, तसंच होतं. ३१ घरं बंद होतात आणि हातचा जातो ३२व्या घरात, उधारीच्या घरात. कॉम्प्युटर वाचतो: उणे २१४ कोटी, ७४ लाख, ८३ हजार, ६४८. एक रुपया जमा केला आणि माणूस कफल्लक झाला. अनेक ठिकाणी हे होताना कुठलाही एरर येत नाही. प्रोग्राम शांतपणे पुढे जातो, चुकीचा आकडा घेऊन.

ऑयलरने ती आधी पकडली होती

आता या संख्येचं पहिलं आयुष्य. साल १७७२, शहर सेंट पीटर्सबर्ग. लिओनार्ड ऑयलर पासष्टीला पोचलेला, दृष्टी जवळपास गेलेली. डोक्यात हिशेब करायचा आणि सहायकांकडून लिहून घ्यायचा. त्याने बर्नुलीला कळवलं की दोनाचा ३१वा घात वजा एक, म्हणजे आपली २१४७४८३६४७, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.

दहा आकडी संख्या मूळ आहे हे हाताने कसं सिद्ध करणार? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ ४६ हजार ३४० च्या जरा वर. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत साधारण ४,८००. म्हणजे ४,८०० भागाकार, तेही डोळे नसताना.

इथे ऑयलरचं डोकं बघा. त्याने विचारलं, भाग जाणारी संख्या असलीच, तर ती दिसेल कशी? छोट्या उदाहरणावर बघू. दोनाचा ११वा घात वजा एक, म्हणजे २०४७. ही मूळ नाही, ती २३ गुणिले ८९ आहे. आता २३ मधून एक काढा: २२. ८९ मधून एक काढा: ८८. दोन्ही ११ च्या पटीत आणि दोन्ही सम! हा योगायोग नाही. घात ११ असेल तर प्रत्येक विभाजक '२२ ची पट अधिक एक' असाच असावा लागतो. घात ३१ असेल तर '६२ ची पट अधिक एक'. शिवाय दुसरी अट: त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ ला ८ ने भागा, बाकी ७. ८९ ला भागा, बाकी १. जुळतंय ना?

दोन्ही अटी एकत्र केल्या की ३१ साठी दोनच साचे उरतात: २४८ ची पट अधिक १, किंवा २४८ ची पट अधिक ६३. ४६ हजारांपर्यंत या साच्यांत बसणाऱ्या संख्या पावणेचारशेच्या आत आहेत. त्यातल्याही ज्या मूळ नाहीत त्या सोडून द्यायच्या. ४,८०० चं काम एवढ्याशावर आलं. त्याने उरलेल्या तपासल्या, एकानेही भाग गेला नाही. सिद्ध!

आमच्याकडे कोड हळू चालला की पहिली सूचना येते, 'मोठा सर्व्हर घ्या'. ऑयलरने सर्व्हर मोठा केला नाही, काम छोटं केलं.

त्यानंतर कित्येक दशकं ही जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. १८६७ मध्ये फ्रान्सच्या फॉर्च्युने लाँद्रीने ३२०३४३१७८०३३७ ही तेरा आकडी मूळ संख्या शोधली.

'कुतूहलापुरती बरी'

आता थोडं ६ आणि २८ कडे येऊ. ६ ला भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान संख्या १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ च्या १, २, ४, ७, १४. बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दाखवून ठेवलंय की 'दोनाचा घात वजा एक' या रूपातली प्रत्येक मूळ संख्या आपल्यासोबत एक परिपूर्ण संख्या घेऊन येते. ३ सोबत ६ येते, ७ सोबत २८. आपल्या पाहुणीसोबत आली ती १९ आकडी: २३०५८४३००८१३९९५२१२८. लहानापासून मोजत गेलं तर ती आठवी परिपूर्ण संख्या.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या पुस्तकात या संख्येबद्दल एक भाकीत केलं. त्याचा मुद्दा असा की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच कुणी शोधणार नाही. कारण या संख्या कुतूहलापुरत्या बऱ्या आहेत, उपयोग तर काही नाही. मग कोण कशाला डोकं शिणवेल?

भाकीत दोन्ही बाजूंनी पडलं. लोक शोधत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या त्याच घराण्यातली आहे, दोनाचा १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१वा घात वजा एक. ती लिहायलाच ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक लागतात.

आणि उपयोगाचं म्हणाल, तर एक छोटा खेळ करू. ७ ही मूळ संख्या घ्या. १ पासून सुरू करा, दरवेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून बाकी ठेवा. १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. बघा, १ ते ६ सगळे एकेकदा आले, आणि क्रमही विस्कटलेला. आता ७ च्या जागी ८ घ्या. १, ३, १, ३. संपला खेळ! ८ मूळ नाही, म्हणून गाडी लगेच अडकली.

हाच खेळ २१४७४८३६४७ घेऊन करा, आणि दरवेळी १६८०७ ने गुणा. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. १ पासून निघालात की १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३... ही रांग २१४ कोटींहून जास्त आकड्यांतून फिरते, प्रत्येक आकडा बरोबर एकदा घेते आणि मगच पुन्हा १ वर येते. कॉम्प्युटरवर यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करायची ही एक प्रसिद्ध पद्धत. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान दर्जाची कसोटी म्हणून सुचवली. आजही सी प्लस प्लस भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत ती आहे. १ पासून निघून दहा हजार पावलं टाकली की उत्तर १०४३६१८०६५ यायलाच हवं. पासवर्डसाठी वगैरे ती वापरू नका हं, तिचा पुढचा आकडा सहज ओळखता येतो. पण ऑयलरने सिद्ध केलेलं मूळपण इथे रोजच्या कामाला आलंय, हे नक्की.

आता तुम्ही विचाराल, कॉम्प्युटरची मर्यादा नेमकी मूळ संख्याच कशी निघाली? नशीब, दुसरं काही नाही. ८ बिटांची मर्यादा १२७, ती मूळ आहे. १६ बिटांची ३२७६७, ती ७ गुणिले ३१ गुणिले १५१, मूळ नाही. ६४ बिटांचीही मूळ नाही, तिला ७ ने सरळ भाग जातो. कारण घात स्वतः मूळ नसेल तर संख्या मूळ असूच शकत नाही, आणि १५, ६३ हे मूळ नाहीत. ३१ आहे. तरी घात मूळ असून भागत नाही, ११ चं आपण पाहिलंच.

किती मोठी? ते काय मोजताय त्यावर

आता दुसरं आयुष्य. आम्ही इंजिनीअर लोक कोडमध्ये सहज ३२ बिटांचा 'इंट' लिहून टाकतो. २१४ कोटी म्हणजे पुष्कळ झाले, एवढे कोण मोजणार? पण 'पुष्कळ' हा शब्द एककाशिवाय अर्धवट आहे.

पैसे मोजा. बऱ्याच सिस्टिम रक्कम पैशांत ठेवतात, दशांशाची भानगड नको म्हणून. २१४७४८३६४७ पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईतला बरा फ्लॅट या मर्यादेत बसत नाही.

मिलिसेकंद मोजा. २४ दिवस, साडेवीस तास. संपलं! ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला 'महिन्याभराने हे काम कर' असं सांगितलं, तर मर्यादा ओलांडते आणि ते काम महिन्याभराने व्हायच्या ऐवजी लगेच होतं.

सेकंदाचा शंभरावा भाग मोजा. २४८ दिवस. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियंत्रकांनी, म्हणजे एफएएने, बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरच्या नियंत्रकातला काउंटर भरून वाहतो आणि विमानाची सगळी एसी वीज बंद पडू शकते. उपाय? ठरावीक दिवसांनी वीज बंद करून परत चालू करा. घरच्या राउटरसारखं. (ऑयलरच्या साच्यातही २४८ होते, आठवतंय? तो मात्र शुद्ध योगायोग.)

व्ह्यूज मोजा. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने सांगितलं की 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज ३२ बिटांत मावत नाहीत, म्हणून काउंटर ६४ बिटांचा केला. यूपीआयचे व्यवहार मोजा. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटींच्या वर व्यवहार झाले. त्यांना एकापुढे एक नंबर द्यायला ही संख्या आठवडाभरही पुरली नसती.

आणि ओळी मोजा. माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट, कंपनीचं नाव नको. रात्री दीडला नोंदी होणं अचानक थांबलं. सर्व्हर ठणठणीत, नेटवर्क ठीक, डिस्क रिकामी. लॉगमध्ये एकच ओळ परत परत: डुप्लिकेट एन्ट्री २१४७४८३६४७. टीममधल्या एका सीनियर ताईंनी तो आकडा पाहिला आणि बाकी काही न वाचता म्हणाल्या, "आयडी संपले." टेबल बनवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता, आणि तो चुकलाही नव्हता. त्याच्या वेळी दिवसाला काही हजार नोंदी होत्या, त्या हिशेबाने हजार वर्षं निघाली असती. धंदा वाढला, हिशेब कुणी परत केला नाही. एवढ्या मोठ्या टेबलचा कॉलम बदलेपर्यंत उजाडलं.

ती तारीख

सेकंद मोजा. अनेक सिस्टिम वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असं धरतात. २१४७४८३६४७ सेकंद म्हणजे ६८ वर्षांच्या जरा वर. त्यामुळे ३२ बिटांचं घड्याळ भरतं १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी. आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला उधारीचं घर चालू होतं आणि घड्याळ जातं डिसेंबर १९०१ मध्ये.

घाबरू नका. तुमच्या हातातला अलीकडचा फोन ६४ बिटांचा आहे. ६४ बिटांत सेकंद मोजले तर सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरतात, आणि विश्वाचं वय आहे साधारण १,३८० कोटी. ३२ बिटांच्या लिनक्सलाही २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून २०३८ च्या पुढची सोय मिळाली.

पण निर्धास्तही राहू नका. मायएसक्यूएलमधला टाइमस्टॅम्प हा प्रकार त्याच सेकंदाला संपतो, आणि तो असंख्य टेबलांत बसलेला आहे. भिंतीतली, मशीनमधली जी उपकरणं एकदा बसवली की पुन्हा अपडेट होत नाहीत, त्यांच्या आत कुठलं घड्याळ आहे हे बाहेरून कळत नाही.

शिवाय लोचा त्या तारखेची वाट बघत बसत नाही. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर नावाचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर कोलमडलं. कुणीतरी 'कधीच थांबू नको' या अर्थाने १०० कोटी सेकंदांची मुदत लिहून ठेवली होती. मे २००६ मध्ये 'आत्ता अधिक १०० कोटी सेकंद' ही बेरीज २०३८ च्या त्या सेकंदापलीकडे गेली आणि ऋण झाली. ३२ वर्षं आधीच! आज पंधरा वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर शेवटच्या हप्त्याची तारीख २०३८ च्या पुढे पडते. ती तारीख साठवणारा कोड आज चालतोय, २०३८ मध्ये नाही.

तेव्हा डेव्हलपर मंडळींना एक विनंती. या आठवड्यात आपल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या टेबलचा शेवटचा आयडी बघा, त्याला २१४७४८३६४७ ने भागा. अर्ध्याच्या पुढे असाल तर आत्ताच बोला, दिवसा, चहा पिता पिता. रात्री दीडला नको. आणि एखादी तारीख २०४० ची टाकून टेस्ट चालवून बघा.

बाकीच्यांसाठी गृहपाठ, कागद-पेन पुरेल. ३१ ही मूळ संख्या घ्या. १ पासून सुरू करा, २ ने गुणत जा, ३१ ने भागून बाकी ठेवा. किती वेगळे आकडे मिळतात? मग तेच ३ ने गुणून करा. दोन्हींत एवढा फरक का पडतो, याचा विचार करून मला लिहा. पुढच्या भागाची सुरुवात तुमच्या उत्तरांनी करू. तोपर्यंत, भेटूच!